ऊन मातीचे बेट : साओ मिगेलचा हिवाळा

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाचा लाव्हाशी संबंध रोजचा असतो, फक्त तो लाव्हा थंड होऊन फार काळ लोटला आहे. काळाराम मंदिराचा काळा पाषाण, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, ब्रह्मगिरीचे उभे कडे आणि अंजनेरीचे पठार हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांचे आहे. महाविद्यालयात भूगोल शिकवताना मी हे विद्यार्थ्यांना अनेक वर्षे सांगत आले; पण ज्या जमिनीखाली उष्णता अजून जिवंत आहे आणि जिच्यावर माणसे घरे बांधून, शेती करून, देवाचे नाव घेत राहतात, अशी जमीन पाहायची राहिली होती. उद्रेक पाहण्याची मला ओढ नव्हती. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात माणसे त्या जमिनीशी कसे जुळवून घेतात, हे मला पाहायचे होते. त्यासाठी पोर्तुगालच्या अखत्यारीतील अझोर्स द्वीपसमूहातले साओ मिगेल हे बेट मी निवडले आणि काळ निवडला फेब्रुवारीच्या उत्तरार्धाचा.

हिवाळा निवडण्यामागे कारणे होती. जुलै-ऑगस्टमध्ये या बेटाच्या रस्त्यांच्या कडेने निळी हायड्रेंजिया फुलते आणि त्याबरोबर युरोपभरचे पर्यटक येतात. हिवाळ्यात पाऊस आणि वारा असतो हे खरे, पण अटलांटिकमुळे थंडी बोचरी नसते. दिवसाचे तापमान साधारण चौदा ते सतरा अंश असते. निफाडचा पारा दर हिवाळ्यात ज्या आकड्यांपर्यंत उतरतो, ते पाहता आम्हाला हा हिवाळा सौम्यच म्हणायला हवा. शिवाय लेंटच्या म्हणजे ईस्टरपूर्वीच्या व्रताच्या काळात या बेटावर पायी वारी निघते, असे मी वाचले होते आणि ती पाहण्याची मनापासून इच्छा होती. सोबत माझी धाकटी बहीण होती. तिचे सारे आयुष्य दिंडोरीच्या द्राक्षबागेत गेले आहे आणि या वर्षी काढणीचा भार मुलाने उचलल्यामुळेच तिला येता आले.

गुरुवार

मुंबईहून मध्ये एक विमान बदलून लिस्बन आणि तिथून पश्चिमेला महासागरावरून सुमारे चौदाशे किलोमीटरचा, अडीच तासांच्या आतबाहेरचा प्रवास. येथील घड्याळ भारताच्या साडेसहा तास मागे चालते. विमान खाली येताना प्रथम दिसली ती काळ्या खडकाच्या बांधांनी आखलेली हिरवी कुरणे आणि त्यांच्या पलीकडे काळा किनारा. पोंता देलगादा ही बेटाची राजधानी सायंकाळी जवळजवळ रिकामी होती. अठराव्या शतकातील तीन कमानींचे नगरद्वार, चर्च, घरांच्या चौकटी, पायवाटांवरची नक्षी, सगळीकडे काळा बेसाल्ट आणि पांढरा चुना यांची जोडी आहे.

कमानीच्या दगडाला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले. रंग आपल्या दगडाचाच होता, पण आपल्या बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी झालेली छिद्रे बहुधा भरलेली असतात. लाखो वर्षे झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्याने त्यांत झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीची खनिजे साठवली आहेत. पांडवलेण्याच्या परिसरातील खाणींत सापडलेले हिरवे अपोफिलाइट सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. इथल्या दगडातली छिद्रे रिकामी होती. त्यांत काही साठण्याइतका काळ अजून गेलेलाच नाही. दोन प्रदेशांच्या वयातला फरक असा बोटाला लागेल, याची मी कल्पना केली नव्हती.

शुक्रवार

शहराच्या कडेला फाजा दे बाइशो या भागात अननसाची काचगृहे आहेत. एकोणिसाव्या शतकात हे बेट इंग्लंडला संत्री पाठवून सधन झाले होते. मग बागांवर रोग पडला, व्यापार बुडाला आणि बागायतदारांनी अननस, चहा, तंबाखू अशी पिके धरून पाहिली. अननसाला इथले हवामान पुरेसे उष्ण नाही, म्हणून तो चुन्याने पांढुरक्या केलेल्या काचेखाली वाढवतात आणि लागवडीपासून फळ हाती यायला दोन वर्षांच्या आसपास काळ जातो. सगळ्या रोपांना एकाच वेळी फुलोरा यावा म्हणून काचगृह बंद करून आत धूर करतात. धुरातील इथिलीन वायूने रोपे फुलोऱ्याला लागतात.

हे ऐकून बहीण म्हणाली, "ताई, आपण गोडी छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावतो, ते तरी कशासाठी? डोळे एकसारखे फुटावेत म्हणूनच ना!" त्यानंतर तिने तिथल्या कामगाराला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत इतके प्रश्न विचारले की त्याने आम्हाला धुराची जागा, वाफ्यातील पालापाचोळ्याचे थर आणि नव्या रोपांची वेगळी खोली असे सगळे दाखवले. उन्हाळ्याच्या गर्दीत त्याला एवढी सवड झाली नसती, असे मला वाटते. फळ लहान, आंबटगोड आणि फार सुवासिक होते.

शनिवार

बेटाच्या पश्चिम टोकाला सेते सिदादेस नावाचा, सुमारे पाच किलोमीटर रुंदीचा ज्वालामुखीय कटाह, म्हणजे उद्रेकानंतर जमीन खचून झालेला खोलगट भाग, आहे आणि त्याच्या तळाशी एकमेकांना लागून निळे आणि हिरवे अशी दोन तळी आहेत. बेटावरील प्रसिद्ध ठिकाणी बसवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रे स्पॉटअझोर्स या संकेतस्थळावर सतत दिसतात आणि हिवाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी ती पाहणे आवश्यकच आहे. सकाळी सर्व चित्रे पांढरी होती. म्हणून आम्ही वरच्या दर्शनस्थळाचा नाद सोडून खालच्या किनाऱ्यावर, फेरारियाला गेलो.

फेरारियाला लाव्हा समुद्रात शिरून थिजलेला आहे आणि खडकांतील एका घळीत गरम झरा थेट समुद्राच्या पाण्यात मिसळतो. ओहोटीला लोक दोर धरून त्यात उतरतात. त्या दिवशी लाटा इतक्या उंच होत्या की उतरण्याचा विचारही कोणी केला नाही. आम्ही वरूनच पाहत राहिलो. या किनाऱ्यासमोर १८११ साली समुद्रतळाशी उद्रेक होऊन एक नवे बेट वर आले होते. साब्रिना या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने त्यावर आपल्या देशाचे निशाण रोवले आणि बेटाला नौकेचे नाव मिळाले. हक्कावरून वाद वाढण्याआधीच, काही महिन्यांत, लाटांनी ते राखेचे बेट धुऊन नेले. समोरच्या पाण्यात आता त्याची कोणतीही खूण नाही.

रविवार

पहाटेपर्यंत पाऊस होता, दुकाने बंद होती आणि दुपारी दोनच्या सुमारास कॅमेऱ्यात तळी दिसू लागली. तासाभरात आम्ही विश्ता दो रेइ या दर्शनस्थळी पोहोचलो. ढगांच्या सावल्या कटाहाच्या भिंतींवरून सरकत होत्या, एक तळे आकाशाचा रंग धरून होते, दुसरे गडद हिरवे, आणि दोहोंमधून जाणारा पूल एखाद्या रेषेसारखा दिसत होता. एक राजकन्या आणि एक गुराखी यांच्या ताटातुटीच्या अश्रूंनी ही तळी भरली अशी कथा इथे सांगतात. तळ्याच्या हिरवेपणाला दुसरेही एक कारण आहे आणि ते जाणून घ्यावेसे मला वाटले. कटाहाच्या उतारांवर दुभत्या गाईंची कुरणे आहेत, पोर्तुगालच्या दुधापैकी मोठा हिस्सा या बेटसमूहातून येतो, आणि कुरणांतील खत पावसाबरोबर तळ्यांत उतरले की शेवाळ माजते. गोदावरीतील पानवेली दरवर्षी पाहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट निराळी समजावून घ्यावी लागली नाही. फुर्नासच्या तळ्याभोवती तर शासनाने कुरणांची जमीन विकत घेऊन तिथे पुन्हा झाडे लावण्याचे काम हाती घेतले आहे. अशा कामाला वर्षे लागतात, आणि ते सुरू झाले आहे हेच मला महत्त्वाचे वाटले.

सोमवार

उत्तर किनाऱ्याने पूर्वेकडे निघालो. रिबेइरा ग्रांदेच्या वरच्या उतारांवर भूऔष्णिक वीजकेंद्रांची पांढरी वाफ दिसत होती; जमिनीत खोल छिद्रे घेऊन गरम पाणी आणि वाफ वर आणतात, त्यावर जनित्रे फिरवतात आणि बेटाच्या विजेचा मोठा वाटा त्यातून भागवतात. पुढे गोर्रेआनाचा चहामळा लागला. १८८३ पासून तो सुरू आहे आणि युरोपातील चालू मळ्यांत सर्वांत जुना गणला जातो. त्याआधी १८७८ मध्ये मकाऊहून दोन चिनी जाणकारांना चहा करण्याची विद्या शिकवण्यासाठी इथे आणले होते. खुडणी वसंतात सुरू होत असल्याने फेब्रुवारीत मळा विश्रांतीत असतो. जुनी यंत्रे थांबलेली होती, पाने निवडणाऱ्या स्त्रिया मात्र लांब टेबलाशी बसून काम करत होत्या. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या ओळींमधून आम्ही एकट्याच चाललो.

मळ्यातून बाहेर पडून थोडे पुढे गेलो असू, तेव्हा चालकाने गाडीचा वेग अगदी कमी केला आणि रेडिओ बंद केला. पुढे रस्त्यावर दोन रांगांत पुरुष चालत होते. खांद्यावर शाल, गळ्यात रुमाल, हातात काठी आणि जपमाळ, पाठीवर शिधा-कपड्यांची पिशवी. हेच ते पायी वारीला निघालेले लोक; इथे त्यांना रोमेइरोस म्हणतात. मेरीमातेची प्रार्थना ते संथ, लांब सुरात म्हणत होते. एका रांगेने ओळ सोडली की दुसरी ती उचलत होती. त्यांत पांढऱ्या दाढीचे वृद्ध होते आणि दहा-बारा वर्षांचा एक मुलगाही होता.

१५२२ साली भूकंपाने डोंगर खचून तेव्हाची राजधानी विला फ्रांका दो कांपो गाडली गेली आणि हजारो माणसे मेली. १५६३ मध्ये फोगो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. या आपत्तींच्या काळात देवाला शरण जाऊन गावोगावची माणसे पायी निघाली, अशी या वारीची परंपरा सांगतात. लेंटच्या आठवड्यांत गावागावाचे जथे आठवडाभर चालून संपूर्ण बेटाला फेरी घालतात, वाटेत मेरीमातेच्या प्रत्येक मंदिरात थांबतात आणि रात्री अनोळखी घरांत उतरतात. ती घरे त्यांना जेवू घालतात, पाय शेकायला गरम पाणी देतात. चालताना समुद्र सदैव डाव्या हाताला ठेवतात. म्हणजे बेट उजव्या हाताला राहते. श्रावणातल्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा आम्ही दोघी बहिणींनी केलेली आहे, आणि या प्रवासाच्या महिनाभर आधी पौष वद्य एकादशीला संत निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या दिंड्यांना नाशिकच्या रस्त्यावर चहा दिला होता. बहिणीने गाडीतून उतरून हात जोडले. रांगेच्या कडेने चालणाऱ्या एका गृहस्थाने मान लववून तिला नमस्कार केला. चालकाने सांगितले की वाटेत भेटणारा माणूस आपल्यासाठी प्रार्थना करा असे त्यांना सांगू शकतो. मात्र तुम्ही किती जण आहात हे विचारून, तितक्या वेळा मेरीमातेची प्रार्थना त्यानेही त्यांच्यासाठी म्हणायची असते. देवाणघेवाणीचा हा नेम मला फार आवडला.

मंगळवार

फुर्नास हे गाव एका ज्वालामुखीच्या कटाहात वसले आहे. त्या ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक १६३० साली झाला आणि त्यात सुमारे दोनशे माणसे गेली. आज गावाच्या मधोमध कुंडांतून पाणी खदखदत असते, रस्त्याच्या कडेच्या भेगांतून वाफ निघते आणि गंधकाचा वास अंगणांतून फिरतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडे आपल्या परिचयाची आहेत, पण ते पाणी भेगांवाटे खोल जाऊन तिथल्या उष्णतेने तापून परत येते, त्यामागे जवळ कुठे शिलारस नाही. इथे तो आहे. एका कुंडातला चिखल गुरगुरत होता आणि काही पावलांवर दुसऱ्या नळातून थंड, आपोआप फसफसणारे पाणी पडत होते. शेजारी एक बाई कुंडाच्या पाण्यात पोत्यातून मक्याची कणसे उकडून विकत होत्या. आम्ही ती घेतली. दाण्यांना किंचित खारट चव होती.

चालकाने एक गोष्ट मला मुद्दाम सांगितली, कारण मी भूगोलाची शिक्षिका असल्याचे त्याला कळले होते. या गावात जमिनीतून कार्बन डायऑक्साइडही झिरपतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात आणि बंद तळमजल्यावर साठतो, त्यामुळे अशा खोल्यांत झोपणे धोक्याचे असते आणि त्या हवेशीर ठेवाव्या लागतात. अझोर्स विद्यापीठाचे संशोधक या वायूची आणि भूकंपांची सतत नोंद ठेवतात. पर्यटकाला वाफ दिसते, वास येतो. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. रात्री आम्ही पहिल्या मजल्यावरच्या खोलीत उतरलो होतो, तरी खिडकी थोडी उघडी ठेवली.

दुपारी बारानंतर तळ्याकाठी कोझिदो, म्हणजे जमिनीच्या उष्णतेवर शिजवलेले जेवण, बाहेर काढताना पाहिले. वाफाळत्या जमिनीत घेतलेल्या खड्ड्यांत पहाटे मोठी भांडी उतरवतात, वर झाकण ठेवून माती ओढतात आणि ढिगावर उपाहारगृहाच्या नावाची पाटी रोवतात. सहा तासांत आतले अन्न शिजते. पाणी घालत नाहीत, ज्याचे त्याच्याच रसात. मूळ पदार्थात अनेक प्रकारचे मांस असते. आम्ही आदल्या दिवशीच सांगून ठेवल्याने आमच्यासाठी कोबी, गाजर, बटाटे, रताळी आणि अळूचे कांदे असे वेगळे भांडे लावले होते. हो, अळूच. इथे त्याला इन्याम म्हणतात आणि या खोऱ्यातील कोमट ओढ्यांच्या काठी त्याचे वाफे आहेत. आपल्याकडे परसात सांडपाण्यावर वाढतो तोच. त्याचा कंद मऊ, किंचित राखी रंगाचा आणि चवीला गोडसर होता. कोबीला जमिनीच्या धुराचा सूक्ष्म वास लागला होता. बहिणीने कोकम आणि चिंचेची आठवण काढली खरी, पण घशाला खाज मुळीच आली नाही, एवढा तो कंद शिजला होता. सोबत बोलो लेवेदो नावाची तव्यावर भाजलेली जाड, गोडसर भाकरी होती.

बुधवार

सकाळ तेर्रा नोस्त्रा उद्यानात गेली. बॉस्टनहून आलेल्या थॉमस हिकलिंग नावाच्या व्यापाऱ्याने अठराव्या शतकात, १७७५ च्या सुमारास, इथे घर आणि बाग उभारायला सुरुवात केली. घरासमोरच्या मोठ्या तलावात लोहयुक्त गरम पाणी आहे, रंगाने गेरूसारखे; कपड्यांना त्याचा डाग बसतो आणि तो जात नाही, म्हणून जुने कपडे घालूनच उतरावे. झिमझिम पाऊस डोक्यावर आणि चाळीस अंशांच्या जवळचे पाणी गळ्यापर्यंत, असे आम्ही अर्धा-पाऊण तास बसलो. हिवाळ्याची खरी भेट मात्र बागेत होती. कॅमेलियाच्या सहाशेहून अधिक जाती इथे जोपासल्या आहेत आणि त्या याच दिवसांत फुलतात. पांढऱ्या, गुलाबी, रेघांच्या, दुहेरी पाकळ्यांच्या फुलांखाली ओल्या वाटेवर पाकळ्यांचा सडा होता. चहाचे झुडूपही याच कुळातले. उन्हाळ्यात येणारे लोक हायड्रेंजिया पाहतात आणि ही बाग फुलांविना पाहतात.

दुपारी विला फ्रांकाच्या समुद्रकाठी थोडे थांबलो. समोरच्या ज्वालामुखीय बेटुकल्यावर जाणारी नाव फक्त उन्हाळ्यात असते. वरचा डोंगर मात्र हिरवा आणि शांत होता. १५२२ च्या रात्री तोच खाली आला होता. लागोआ दो फोगोचा घाट चढून गेलो तेव्हा विवरतळे ढगात होते, दहा मिनिटे पांढरी कड दिसली आणि झाकली गेली.

गुरुवार

वाऱ्यामुळे परतीचे विमान काही तास उशिरा सुटले. हिवाळ्यात हे वारंवार घडते. म्हणून लिस्बनहून पुढचे विमान त्याच दिवशीचे न घेता मध्ये एक मुक्काम ठेवावा. पिको बेटावरील लाव्हाच्या दगडी कोंडांत वाढवलेल्या द्राक्षवेली बहिणीला पाहायच्या होत्या, २००४ पासून ते मळे जागतिक वारशात आहेत. पण खवळलेल्या समुद्राच्या दिवसांत बेटाबेटांमधील फेऱ्या भरवशाच्या नसतात आणि त्यासाठी सप्टेंबरची काढणी गाठायची असे तिने ठरवले आहे. ज्यांना रोमेइरोस पाहायचे आहेत, त्यांनी मात्र फेब्रुवारी-मार्चच धरावा. ईस्टरची तारीख चंद्राच्या गणनेवर ठरत असल्याने वारीचे दिवसही दरवर्षी बदलतात. तेव्हा आधी राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, कोणत्या तारखेला येतो ते पाहावे आणि त्यानंतरचा आठवडा बेटावर मिळेल अशा बेताने तिकीट काढावे.